थॉमस पेन : सत्ता बदलली, वसुली कोणाकडून?

सत्ता बदलली की समाज आपोआप बदलतो, हा समज जगभर रुजलेला आहे. राजा गेला, परकीय गेला, झेंडा बदलला की लोक मिठाई वाटतात. पण झेंड्याखाली उभ्या असलेल्या माणसाच्या खिशातून कोण किती काढून घेतो आणि ते कोणावर खर्च करतो, हा प्रश्न मिठाई वाटणारे सहसा विचारत नाहीत. ज्या माणसाने हा प्रश्न विचारला, दोन क्रांत्यांना आपल्या लेखणीचे बळ दिले आणि ज्याला शेवटी त्या दोन्ही क्रांत्यांनी वाऱ्यावर सोडले, त्या थॉमस पेन यांचे जीवन परिवर्तनवादी चळवळीतील प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यायला हवे.

पेन हे नाव आपल्याला महात्मा जोतीराव फुले यांच्यामुळे परिचित आहे. १८४७ साली तरुण जोतीरावांनी पेन यांचा ‘राइट्स ऑफ मॅन’ हा ग्रंथ वाचला, हे आपण प्रत्येक जयंतीच्या भाषणात ऐकतो. परंतु त्या ग्रंथात नेमके काय होते, तो लिहिणारा कोण होता आणि त्याचे पुढे काय झाले, याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. नाव घेतले की टाळ्या मिळतात, विचार मात्र बासनातच राहतो.

थॉमस पेन यांचा जन्म १७३७ साली इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यातल्या थेटफर्ड या गावी झाला. वडील क्वेकर पंथाचे, म्हणजे पुरोहिताची मध्यस्थी न मानणाऱ्या पंथाचे. धंदा स्त्रियांच्या पोशाखातील कॉर्सेट शिवण्याचा. घरची परिस्थिती बेताची. कोवळ्या वयातच शाळा सुटली आणि मुलगा वडिलांच्या हाताखाली कामाला लागला. विद्यापीठाची पदवी नाही, मोठ्या घराण्याचे नाव नाही, जमिनीचा तुकडा नाही. १७५९ साली लग्न झाले आणि पुढच्याच वर्षी पत्नीचे निधन झाले. पुढे जगाला हादरवून सोडणारा हा लेखक असा अगदी तळातून आलेला होता.

पोटासाठी पेन अबकारी खात्यात शिरले. बिअर, साबण, मेणबत्त्या, चामडे, चहा अशा रोजच्या वस्तूंवर इंग्लंडमध्ये अबकारी कर होता. घोड्यावरून गावोगाव फिरायचे, पिंपे मोजायची, नोंदी करायच्या आणि लोकांच्या शिव्या खायच्या, ही ती नोकरी. माल न तपासताच तपासल्याची नोंद केल्याच्या कारणावरून १७६५ साली त्यांना काढून टाकण्यात आले, पुढे अर्जविनंत्या करून नोकरी परत मिळाली. १७६८ पासून ते ससेक्समधील लुइस या गावी नेमणुकीवर होते. पगार वर्षाला ५० पौंड आणि घोड्याचा खर्चही त्यातूनच करायचा. सरकारची तिजोरी भरणारा माणूस स्वतः अर्धपोटी! १७७२ साली खात्यातील सहकाऱ्यांनी वर्गणी काढली आणि पेन यांनी त्यांच्या वतीने पगारवाढीची कैफियत लिहिली. उपाशी अधिकाऱ्याकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे, असा तिचा रोखठोक मुद्दा होता. ४००० प्रती छापून त्या संसद सदस्यांपर्यंत पोचवण्यात आल्या. आजच्या भाषेत सांगायचे तर कर्मचारी संघटनेचीच ही लढाई होती. संसदेने ढुंकूनही पाहिले नाही. १७७४ साली परवानगीशिवाय गैरहजर राहिल्याचा ठपका ठेवून पेन यांना दुसऱ्यांदा बडतर्फ करण्यात आले. दुकान विकले गेले, दुसरा संसारही मोडला. बेंजामिन फ्रँकलिन यांचे शिफारसपत्र खिशात घालून सदतीस वर्षांचा हा बेकार माणूस अमेरिकेला निघाला आणि १७७४ च्या नोव्हेंबरअखेर फिलाडेल्फियाला उतरला.

तिथे वातावरण पेटलेले होते. युद्धाचे कर्ज फेडण्यासाठी इंग्लंडच्या संसदेने आपल्या अमेरिकन वसाहतींवर कर लादायला सुरुवात केली होती. १७६५ च्या मुद्रांक कायद्याने कोर्टाची कागदपत्रे, वर्तमानपत्रे, एवढेच काय पत्त्यांचे डावसुद्धा करपात्र केले. विरोध झाल्यावर पुढच्या वर्षी तो कायदा मागे घ्यावा लागला. पण १७६७ मध्ये काच, कागद, रंग, शिसे आणि चहा यांच्यावर जकात बसली. ज्या संसदेत आमचा एकही प्रतिनिधी नाही, तिला आमच्यावर कर बसवण्याचा अधिकार काय, असा वसाहतींचा सवाल होता. १७७३ च्या डिसेंबरमध्ये बोस्टन बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या.

परंतु तोपर्यंत बहुतेक पुढाऱ्यांची मागणी कर कमी करण्यापुरतीच होती. राजा चांगला आहे, त्याचे मंत्री वाईट आहेत, अशी त्यांची समजूत होती. १० जानेवारी १७७६ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘कॉमन सेन्स’ या पुस्तिकेने ही समजूत मोडून काढली. जन्माने राजा होणे हाच मुळात अन्याय आहे, एका बेटाने एका खंडावर राज्य करणे हास्यास्पद आहे आणि स्वतंत्र प्रजासत्ताकाशिवाय दुसरा मार्ग नाही, हे पेन यांनी साध्या माणसाला कळेल अशा भाषेत मांडले. जन्माच्या आधारावर कोणाला श्रेष्ठ मानायचे नाही, हा विचार आपल्या वाचकांना वेगळा समजावून सांगायला नको. पुस्तिका हातोहात खपली. आपल्या वाट्याचे पैसे पेन यांनी सैनिकांच्या हातमोज्यांसाठी देऊन टाकले. सहाच महिन्यांत, ४ जुलै १७७६ रोजी, अमेरिकेने स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला.

स्वातंत्र्य मिळाले. मग काय झाले? युद्धाचे कर्ज फेडायचे म्हणून मॅसॅच्युसेट्स राज्याने जड कर बसवले आणि ते रोख नाण्यातच मागितले. कर्जरोखे श्रीमंत व्यापाऱ्यांच्या हाती आणि वसुली गरीब शेतकऱ्यांकडून. ज्या शेतकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध बंदुका उचलल्या होत्या, त्यांच्याच गाई-गुरांवर आणि जमिनींवर जप्ती येऊ लागली. १७८६ साली त्यांनी न्यायालयांचे कामकाज बंद पाडले. डॅनियल शेज हा त्यांचा एक म्होरक्या स्वातंत्र्ययुद्धात कॅप्टन होता. १७८७ च्या जानेवारीत स्प्रिंगफिल्डच्या शस्त्रागारासमोर या शेतकऱ्यांवर तोफा डागल्या गेल्या, चार जण ठार झाले. कर लादणारा इंग्रज गेला होता, वसुलीची पद्धत मात्र तीच राहिली.

त्याच वर्षी अमेरिकेचे संविधान तयार झाले. त्यात प्रतिनिधित्व ठरवताना गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरायची आणि गुलामांच्या आयातीवर १८०८ पर्यंत बंदी घालायची नाही, अशी तडजोड करण्यात आली. माणसाच्या समतेचा जाहीरनामा लिहिणारे जेफरसन आणि स्वातंत्र्ययुद्धाचे सेनापती वॉशिंग्टन हे दोघेही गुलामांचे मालक होते.

इथे पेन यांनाही मोकळे सोडता येणार नाही. १७८६ साली शेतकरी पेटून उठले, तेव्हा पेन फिलाडेल्फियातील बँकेची बाजू मांडत होते आणि लोखंडी पुलाचा नकाशा तयार करण्यात गुंतले होते. राजा घालवला म्हणजे मुख्य काम झाले, उरलेले व्यापार-उदीम करील, असा त्यांचाही समज असावा. त्यांचे मोठेपण हे की, ते या समजावर थांबले नाहीत.

पुलाच्या कामासाठी १७८७ साली ते युरोपात परतले. दोन वर्षांत फ्रान्स पेटला. तिथेही मूळ करात होते. सरदार आणि धर्मगुरू मुख्य करातून मुक्त होते. शेतकरी, कारागीर मात्र मिठावरसुद्धा जबर कर भरत होता. १४ जुलै १७८९ रोजी लोकांनी बॅस्टिलचा तुरुंग फोडला. त्या तुरुंगाची किल्ली लाफाएत यांनी वॉशिंग्टनना भेट देण्यासाठी पेन यांच्या हवाली केली आणि पेन यांनी ती पुढे रवाना केली. ती आजही वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन येथील घरात आहे. वॉशिंग्टन वारले त्या वर्षी, १७९९ मध्ये, त्या घराच्या शेतजमिनीवर तीनशेहून अधिक गुलाम राबत होते. स्वातंत्र्याची किल्ली भिंतीवर आणि त्याच भिंतीच्या आड गुलामी! राजकीय क्रांतीची मर्यादा दाखवणारा यापेक्षा बोलका पुरावा शोधूनही सापडणार नाही.

एडमंड बर्क या संसदपटूने फ्रेंच क्रांतीवर टीका केली, तेव्हा पेन यांनी १७९१ साली ‘राइट्स ऑफ मॅन’चा पहिला भाग लिहून उत्तर दिले. पण खरा स्फोटक होता तो १७९२ चा दुसरा भाग. अबकारी खात्यात पिंपे मोजलेला माणूस आता देशाच्या तिजोरीचाच हिशेब मांडायला बसला. त्यांनी दाखवून दिले की, संसदेत जमीनदार बसलेले असल्यामुळे जमिनीवरचा कर हलका राहतो आणि गरिबांच्या वापराच्या वस्तूंवरचा कर वाढत जातो. विकायच्या बिअरवर कर होता. सरदार आपली बिअर घरीच गाळत, म्हणून त्यांना तो लागत नसे. कायदा सर्वांना सारखा, पण भार मात्र एकावरच, ही किमया अशी साधली जाते.

पेन नुसती टीका करून थांबले नाहीत. मोठ्या मालमत्तांवर चढत्या दराने कर बसवावा, गरीब कुटुंबातील १४ वर्षांखालील प्रत्येक मुलामागे वर्षाला ४ पौंड द्यावेत आणि ते मूल शाळेत जाईल हे पाहावे, पन्नाशी ओलांडलेल्या गरिबाला वर्षाला ६ पौंड आणि साठी ओलांडलेल्याला १० पौंड द्यावेत, अशी आकड्यांसह योजना त्यांनी मांडली. ही भीक नव्हे, आयुष्यभर कर भरलेल्या माणसाचा हा हक्क आहे, हे त्यांचे प्रतिपादन. वृद्धांना पेन्शन देणारा इंग्लंडचा कायदा यानंतर तब्बल ११६ वर्षांनी, १९०८ साली झाला.

सरकारने राजद्रोहाचा खटला भरला. १८ डिसेंबर १७९२ रोजी पेन यांच्या गैरहजेरीत तो चालला. वकिली करणाऱ्याने हा खटला आवर्जून अभ्यासावा. सरकारी वकिलाची तक्रार काय होती? पहिला भाग सुज्ञ लोकांच्या हाती पडला म्हणून आम्ही दुर्लक्ष केले. पण दुसरा भाग स्वस्तात छापून वाटेल त्या माणसाच्या हाती कोंबला गेला, मुलांच्या मिठाईच्या पुड्यासुद्धा त्यात बांधल्या गेल्या, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे अपराध विचाराचा नव्हता, तो विचार कष्टकऱ्यांपर्यंत पोचण्याचा होता! ज्ञान वरच्यांपुरते राहिले तर ते निरुपद्रवी आणि खाली झिरपले की राजद्रोह, हा न्याय आपल्या पूर्वजांनी वेगळ्या नावाने भोगलेला आहे. बचावाचे वकील थॉमस अर्स्किन यांनी जीव तोडून बाजू मांडली आणि त्यापायी युवराजांकडचे पद गमावले. ज्यूरीने सरकारी वकिलाच्या उत्तराचीही वाट न पाहता पेन यांना दोषी ठरवले.

पेन त्याआधीच फ्रान्सला पोचले होते. फ्रेंच भाषा येत नसतानाही पा-द-काले विभागातून लोकांनी त्यांना राष्ट्रीय परिषदेवर निवडून दिले होते. पण जानेवारी १७९३ मध्ये सोळाव्या लुईला मृत्युदंड देण्याचा प्रश्न आला, तेव्हा राजेशाहीच्या या कट्टर शत्रूने राजाला ठार मारण्याविरुद्ध मत दिले. राजपद संपवा, माणूस मारू नका, त्याला अमेरिकेला हद्दपार करा, अशी त्यांची भूमिका होती. सूडाने पेटलेल्या क्रांतीला ही मानवता पचली नाही. वर्षाअखेरीस त्यांना पकडून लक्झेंबर्गच्या तुरुंगात टाकण्यात आले. गिलोटिनच्या छायेत त्यांनी सुमारे दहा महिने काढले. नोव्हेंबर १७९४ मध्ये अमेरिकेचे वकील जेम्स मन्रो यांच्या प्रयत्नाने त्यांची सुटका झाली.

पेन तुरुंगात होते त्याच १७९४ साली अमेरिकेत पश्चिम पेनसिल्व्हेनियातील शेतकऱ्यांनी व्हिस्कीवरच्या अबकारी कराविरुद्ध उठाव केला आणि तो मोडण्यासाठी राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी सुमारे १३,००० सैनिक पाठवले. त्या करात लहान भट्टीवाल्याला मोठ्या कारखानदारापेक्षा जास्त भार पडत होता.

बाहेर आल्यावरही पेन गप्प बसले नाहीत. १७९५ साली फ्रान्सचे नवे संविधान तयार होताना मतदानाचा हक्क कर भरणाऱ्यांपुरता बांधला जात होता. मालमत्ता नाही म्हणून माणसाचे मत काढून घेणे म्हणजे त्याला गुलाम करणे आहे, असे पेन यांनी परिषदेला बजावले. कोणी ऐकले नाही. १७९७ च्या ‘ॲग्रेरियन जस्टिस’मध्ये ते आणखी पुढे गेले. जमीन ही मुळात सर्व माणसांची आहे. ज्याने ती बळकावली तो समाजाचे देणे लागतो. म्हणून वारसाहक्काने मिळणाऱ्या मालमत्तेवर दहा टक्के कर घ्यावा, त्यातून २१ वर्षांच्या प्रत्येक तरुण-तरुणीला १५ पौंड आणि पन्नाशीनंतर प्रत्येकाला वर्षाला १० पौंड द्यावेत, ही त्यांची मागणी. कर ही राजाची वसुली नसून समाजाने आपला हिस्सा परत घेणे आहे, इथपर्यंत हा अबकारी शिपाई येऊन पोचला होता.

फ्रान्समध्ये मात्र प्रतिक्रांती झाली. क्रांतीने १७९४ साली वसाहतींमधील गुलामगिरी रद्द केली होती; नेपोलियनने १८०२ मध्ये ती परत आणली. १७९० साली रद्द झालेला मिठावरचा कर त्यानेच १८०६ मध्ये पुन्हा बसवला.

१८०२ साली पेन अमेरिकेला परतले. तुरुंगवासाच्या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘एज ऑफ रिझन’मध्ये त्यांनी धर्मग्रंथांचे आणि पुरोहितांचे प्रामाण्य नाकारले होते, म्हणून समाजाने त्यांना वाळीत टाकले. १८०६ साली न्यू रोशेल येथे ते मतदानाला गेले, तर तुम्ही या देशाचे नागरिकच नाही, असे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले. ज्याने त्या देशाला स्वातंत्र्य मागायला शिकवले, त्यालाच मत नाही! ८ जून १८०९ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. क्वेकरांनी आपल्या दफनभूमीत जागा दिली नाही. अंत्ययात्रेला मोजकीच माणसे होती. दहा वर्षांनी विल्यम कॉबेट या इंग्रज पत्रकाराने त्यांच्या अस्थी स्मारकासाठी इंग्लंडला नेल्या. स्मारक झाले नाही आणि अस्थीही हरवल्या.

मग उठाव व्यर्थ असतात का? नाही. १७९३ साली फ्रान्समध्ये सरंजामी देणी मोबदला न देता रद्द झाली; १८१४ मध्ये राजा परत आला, पण ती देणी परत आली नाहीत, कारण शेतकरी ती पुन्हा द्यायला तयारच नव्हता. नेपोलियनने गुलामगिरी परत आणायला फौज धाडली, तेव्हा सेंट-डोमिंगच्या काळ्या जनतेने तिचा पराभव करून १८०४ साली हैती हे स्वतंत्र राष्ट्र उभे केले. ग्वादलूपमध्ये मात्र प्रतिकार चिरडला गेला आणि गुलामगिरी परतली. कायदा दोन्हीकडे एकच होता. फरक पडला तो त्या कायद्याची राखण करण्याची ताकद कोणाकडे उरली यामुळे. आणि त्या हैतीकडूनही फ्रान्सने १८२५ साली १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. गुलामांनी स्वतःच्या मुक्तीची किंमत मालकांना द्यायची! जगाच्या इतिहासात याहून अन्याय्य कर कोणता असेल?

पेन यांचा प्रश्न आपल्याकडे महात्मा फुल्यांनी पुढे नेला. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी हेच मांडले की, सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गाला मिळतो. बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२५ च्या प्रांतिक वित्तावरील ग्रंथात जमीन महसूल आणि मिठावरचा कर गरिबांवर कसा पडतो ते दाखवले. १९३६ साली त्यांनी सांगितले की, राजकीय क्रांतीच्या आधी सामाजिक आणि धार्मिक क्रांती व्हावी लागते. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी इशारा दिला की, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती दूर केली नाही, तर लोकशाहीचा डोलारा कोसळेल. पेन यांना जे दोन क्रांत्या आणि एक तुरुंग भोगल्यावर कळले, ते बाबासाहेबांनी आपल्याला प्रजासत्ताकाच्या जन्माआधीच सांगून ठेवले आहे.

राजकीय सत्ता ही गुरुकिल्ली आहे, असे आपण म्हणतो आणि ते खरेच आहे. पण बॅस्टिलची किल्ली भिंतीवर टांगून गुलाम राबवता येतात, हेही तितकेच खरे आहे. मोबाईलचा रिचार्ज करताना मजूर आणि कारखानदार सारखाच कर भरतात. वृद्धांसाठी १९९५ साली राष्ट्रीय पेन्शन योजना आली, तरी साठी ओलांडलेल्या गरिबासाठी केंद्राचा वाटा वर्षानुवर्षे महिना २०० रुपयांवर अडकून राहिला. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी इतरत्र वळवला जाऊ नये म्हणून आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ साली कायदे केले. पण कायद्यालाही पळवाटा असतात आणि त्या बुजवायला संघटित माणसे लागतात.

म्हणून निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी गुलाल उधळणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी अर्थसंकल्पाच्या दिवशीही जागे राहावे. पैसा कोणाकडून घेतला, कोणावर खर्च केला आणि कायद्याने बांधलेला हिस्सा कोणी पळवला, हे तीन प्रश्न प्रत्येक तालुक्यात, प्रत्येक लोकप्रतिनिधीला, मग तो आपला असो वा परका, विचारले गेले पाहिजेत. थॉमस पेन यांच्या अस्थी हरवल्या, पण हिशेबाची वही त्यांनी आपल्यासाठी उघडी ठेवली आहे. ती वाचायला जोतीरावांनी १८४७ साली सुरुवात केली. पुढची पाने आपण वाचायची आहेत.